उबवणीच्या कपाटातली मोटर

१

हुस्नबानू मैनेला झापत होती.

"अगं, हळदीच्या डागाला साबण लावतात होय? बघ माझी ओढणी! कुणाचा मुडदा पाडून आल्यासारखी दिसतेय."

मैना दुकान झाडायची, धुणं धुवायची आणि बोलणी खायची. तिन्ही कामं मन लावून करायची. "पिवळाच होता की डाग, खाला. साबण घासला आन् लालभडक झाला."

"होणारच. तुझ्या आईनं एवढंही शिकवलं नाही? टाक आता उन्हात. ऊन काढील तो डाग, तुझ्या हातानं निघायचा नाही."

तेवढ्यात काउंटरवर धाडकन काहीतरी आदळलं. तराजू उडाला, चहाची बशी फुटली. हुस्नबानूनं वळून पाहिलं तर एक पंख्याची मोटर. हिरवा रंग चकचकीत, पण पोटातून जळक्या वार्निशचा वास. मेलेली मोटर हुस्नबानूला बघावी लागत नसे, नाकाला कळायची.

मोटरीमागे गोपाळकृष्ण दामले उभे होते. जन्म शहरातल्या पेठेत गेला, नोकरी बँकेत गेली, आणि निवृत्त झाल्यावर लोक नातवंडं सांभाळतात तिथं ह्यांनी लोणी काळभोरला जागा घेऊन अंडी उबवायचं केंद्र काढलं. त्यांच्या शेजारी वाइंडिंगवाला दत्तोबा, घाम पुसत, चेहरा मयताला आल्यासारखा.

"अहो बाई," दामले इतक्या जोरात बोलले की पलीकडचा सायकलवालाही बाहेर आला, "नवीन म्हणून दिलेली ही तुमची मोटर. जुनी आहे, जळकी आहे, वरून रंगवलेली आहे. पंखा बंद पडला, हीटर चालू राहिला, आणि माझ्या कपाटातली सगळी अंडी उकडली. पिल्लं आज-उद्या बाहेर पडायची होती. विकायची होती पिल्लं, तुम्ही माझी न्याहारी करून ठेवलीत."

बिबवेवाडीची अख्खी गल्ली दारात जमली होती.

"दत्तोबानं माझ्यासमोर उघडली," दामले म्हणाले. "आतलं तांब्याचं वेटोळं काळं ठिक्कर. कंपनीची पाटी मात्र नवी कोरी, तुमच्या मुलानं दिलेलीच. संध्याकाळपर्यंत थांबतो. मग चौकीत जातो. सिराजचं नाव घालून."

"आणि दुकानाचं?" हुस्नबानूनं विचारलं.

"दुकान राहिलं, तर त्याचंही."

मोटर पुरावा म्हणून उचलून ते निघून गेले. गल्ली मात्र हलली नाही. एक गिऱ्हाईक हातातला कूलरचा पंप गुपचूप काउंटरवर ठेवून पाठमोरं झालं.

हुस्नबानूनं फुटलेल्या बशीकडं पाहिलं आणि मैनेला म्हणाली, "उचलू नकोस. ज्यानं फोडली तो उचलील."

२

हुस्नबानू दुसरीत असताना शाळेतून काढली गेली. वाचता येतं, पण ओठ हलवल्याशिवाय नाही. नवरा मकसूद गेला तेव्हा दीर म्हणाले होते, दुकान विका, बाईमाणसाला मोटरी काय कळणार. ती म्हणाली होती, मोटर तरी जळाली की वास येतो, दिरांचं जळतं ते कळतही नाही. तेव्हापासून पंख्याच्या मोटरी, गिझरची कॉइल, कूलरचे पंप, थर्मोस्टॅट, सगळं तिच्या हाताखालून जात होतं. गरम करायचं असो की गार, बानूखालाच्या दुकानात मिळतं, असं पार मांजरी गावापर्यंतचे लोक म्हणत.

सिराज, तिचा एकुलता एक, गोणीवर मान खाली घालून बसला होता.

"अम्मी, भरपाई देऊन मोकळं होऊ."

"भरपाई दिली की कबुली दिली. तू जुनी मोटर दिलीस?"

"अल्लाची शपथ, नाही. दसरा झाल्यावर, दिवाळीच्या तोंडावर खोका घेऊन गेलो. त्यांच्या सोनबानं माझ्यासमोर खोका फोडला, माझ्यासमोर मोटर बसवली. कोरी होती."

"मग मान वर कर. कर नाही त्याला डर कशाला?"

"डर पोलिसांची नाही, अम्मी. दत्तोबा गल्लीभर सांगत सुटलाय."

हुस्नबानूनं चपला पायात सरकवल्या. "सांगू दे. ज्याला इतकं सांगायचंय त्याच्याकडंच आधी जाऊ."

दत्तोबाची शेड मागच्याच बोळात. दारातच पत्र्याचं एक टिपाड, त्यात धुण्याच्या सोड्याचं पाणी, आणि पाण्यात जुन्या मोटरींची तेलकट टरफलं भिजत पडलेली. भिंतीवर खंडोबाचा फोटो. फोटोच काय, कपाटं, पत्रा, छताला लटकलेली वायर, सगळ्यावर पिवळी धूळ. चंपाषष्ठीला दत्तोबा भंडारा उधळायचा तो मुठीनं नव्हे, सुपानं. त्या दिवशी बोळातून जाणारं कुत्रंसुद्धा पिवळं होऊन निघायचं.

"या आपा," दत्तोबा म्हणाला. "खंडेरायाची आण, मला वाईट वाटतंय. पण डोळ्यांनी दिसलं ते सांगावंच लागलं."

"बरोबर केलंस. मोटर तू बघितलीस कधी?"

"मेल्यावर. दामलेसाहेबांचा निरोप आला तेव्हा. जिती असताना मी तिचं तोंड पाहिलेलं नाही."

कोपऱ्यात त्याची भट्टी चालू होती. वेटोळं भरलं, वार्निश लावलं की मोटरी ह्या भट्टीत सुकवायच्या. भट्टीचा पंखा अगदी गुमान फिरत होता. मागल्या खेपेला आली होती तेव्हा हाच पंखा दळण दळल्यासारखा खडखडत होता, ते हुस्नबानूला आठवलं. तिनं वाकून बघितलं. पंख्याच्या हिरव्या मोटरीच्या कुशीवर खंडोबाचं एक छापील चित्र चिकटवलेलं होतं.

"भट्टीलाही देव बसवलास?"

"त्याच्याच कृपेनं चालतंय सगळं, आपा."

"चालतंय खरं," हुस्नबानू म्हणाली. "चल, आमच्याबरोबर लोणीला चल. मी अडाणी बाई. जाणता माणूस बरोबर हवा."

दत्तोबाला नाही म्हणता आलं नाही. सगळा बोळ ऐकत होता.

३

सिराजनं तीनचाकी टेंपो केंद्रासमोर उभा केला. फाटकावर पाटी होती: 'आत येण्यापूर्वी पाय धुवावेत. सबबी बाहेर ठेवाव्यात.'

"मालक आहेत वाटतं घरात," हुस्नबानू म्हणाली आणि पाय धुतले.

दामल्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई ओसरीवर होत्या. डोळे रडून सुजलेले. आत उबवणीचं कपाट उघडं, अंड्यांचे ट्रे रिकामे, आणि भिंतीला टेकून सोनबा, केंद्राचा राखणदार नि कारभारी, जमिनीकडं बघत उभा.

"चहा मिळणार नाही," दामले म्हणाले. "आरोपींना आम्ही देत नाही."

"मागितला नाही. मोटर दाखवा."

मोटर टेबलावर आली. हुस्नबानूनं चष्मा लावला, बोटानं चहूबाजूंनी चाचपली. बाहेरून रंग असा की बोटभरही जागा सुटलेली नाही. "हिची वायरी जोडायची डबी उघडली होती का कुणी?"

"पोट उघडलं की," दत्तोबा म्हणाला. "डबीत काय असतंय?"

"काय असतंय ते बघू. सिराज, पेचकस."

डबीचं झाकण निघालं. आत, पितळी स्क्रूच्या बुडाशी, कोपऱ्यात सुकून बसलेला लाल डाग.

मंदाकिनीबाई पुढं वाकल्या. "अगंबाई! हे तर कुंकू!"

मग दत्तोबाच्या तोंडाचं कुलूप उघडलं. "वहिनी, अगदी बरोबर! दसऱ्याला यंत्रांची पूजा केलीत, तेव्हाचं हे कुंकू. आणि आपांची मोटर आली दसरा उलटल्यावर! म्हणजे ही मोटर त्यांची नव्हेच. तुमच्याच अडगळीतली जुनी आहे. कुणीतरी नवी विकली, पाटी काढून ह्या जुनीला लावली, रंग मारला. आता इथं चोवीस तास हात कुणाचा असतो?"

सगळ्यांच्या माना सोनबाकडं वळल्या.

"मालक, म्या नाय," सोनबा म्हणाला. "म्या नाय केलं काय."

"अरे, मीठ खाल्लंस माझं!" दामल्यांचा आवाज चिरकला. मग ते हुस्नबानूकडं वळले आणि चुकून नरम झाले. "बाई, तुम्ही सुटलात. मंदा, चहा टाक. चहा घ्या आणि निघा."

सिराजनं सुटकेचा श्वास टाकला. "अम्मी, चला."

हुस्नबानूनं खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसली.

"चहा घेते," ती म्हणाली. "निघत मात्र नाही."

४

"आता काय राहिलं?" दामल्यांनी विचारलं.

"सकाळी माझा पोरगा चोर होता. आता हा. संध्याकाळपर्यंत कोण, वहिनी? दुसऱ्याच्या मानेवर पाय देऊन मी सुटायची नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची असेल तर ती माझ्या चहावर नको." तिनं मंदाकिनीबाईंकडं बघितलं. "वहिनी, दसऱ्याला कुंकू कुठं लावता?"

"कपाटाच्या दाराला. झेंडूची माळ, हळदकुंकू, नारळ."

"मोटर कुठं असते?"

"आत, पंख्यामागं. ती कशाला बाहेर काढायची? कपाट म्हणजे सगळं त्यात आलंच."

"आलंच. दाराला कुंकू लावलं तर ते आतल्या मोटरीच्या बंद डबीत कसं उतरलं? ही मोटर पूजेच्या वेळी झाकणाशिवाय उघडी पडलेली होती. अडगळीत म्हणाल, तर अडगळीची पूजा कोण करतंय?"

दत्तोबा हसला. "आपा, तुम्हाला आमच्यातलं काय ठाऊक?"

"दत्तोबा, माझ्या दुकानातल्या यंत्रांना खंडेनवमीला झेंडू लागतो तो तुझ्या आधीपासून. मला तुमच्यातलं ठाऊक आहे, तुला माझ्यातलं नाही." ती सोनबाकडं वळली. "तुझा देव कुठला रे?"

"भैरुबा. भैरवनाथ."

"त्याला गुलाल?"

"व्हय. खोलीवर हाय पुडी."

"आण. वहिनी, तुमचा करंडा आणा. आणि एक लिंबू."

"लिंबू?" दामले म्हणाले. "सरबत करताय?"

"करते. तुम्हाला पाजते."

टेबलावर कागद पसरला गेला. हुस्नबानूनं एका कडेला मंदाकिनीबाईंचं कुंकू ठेवलं, दुसऱ्या कडेला सोनबाचा गुलाल. दोन्हींवर लिंबू पिळलं. कुंकू ओलं झालं, लालच राहिलं. गुलाल चिखल झाला, तोही लाल.

"कुंकू घरी करता?"

"छे हो, बाजारची पुडी."

"घरचं असतं तर मला दुसरी वाट शोधावी लागली असती. घरचं कुंकू हळदीचंच असतं." तिनं काडीला कापूस गुंडाळला, लिंबाच्या रसात बुडवला आणि डबीतल्या डागावर ठेवला.

सगळे वाकले. दत्तोबा वाकला नाही.

कापूस वर आला तेव्हा पिवळाधमक होता.

५

"हळद!" मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"हळदच. मला आजच माझ्या ओढणीनं शिकवलंय. हळदीला साबण लागला की ती लाल होते, लिंबू लागलं की पुन्हा पिवळी. ह्या हळदीला कुणीतरी साबणासारखंच काही लावलंय. मोटरीला साबण कोण लावतं? पण जुनी मोटर रंगवायची तर आधी तेल काढावं लागतं. तेल काढायला धुण्याचा सोडा. सोड्यात बुडवली, वरून लखलखीत झाली, पण डबीच्या कोपऱ्यात हळद होती ती लाल होऊन बसली. धुणाऱ्यानं बघितलं असेल तरी वाटलं असेल, गंज."

"सोडा आमच्याकडंही आहे," दामले म्हणाले. आता त्यांचा आवाज वेगळा होता, हिशोब तपासणाऱ्याचा. "ट्रे धुवायला."

"आहे. पण मोटरीवर हळद उधळणारं इथं कोण आहे? वहिनी कुंकवाचं बोट लावतात. सोनबा गुलाल लावतो. हळद मूठ मूठ उधळायची, ती उघड्या डबीत शिरेल इतकी, तर ती स्वयंपाकाची हळद नव्हे. तो भंडारा."

दत्तोबा ताडकन उभा राहिला. "खंडोबा काय माझ्या एकट्याचा आहे? अख्खा जिल्हा जातो जेजुरीला!"

"मी तुझं नाव घेतलं का रे?"

दत्तोबा खाली बसला. बाहेर कोंबडं आरवलं. भर दुपारी, पण आरवलं.

हुस्नबानू सोनबाशी बोलली, आणि सकाळपासून पहिल्यांदा तिचा आवाज खाली आला. "बाबा, तू काहीतरी गिळून बसलायस. चोरी नव्हे. चोर असतास तर मघाशी दत्तोबाच्या अंगावर धावून गेला असतास. तू नुसता घाबरलायस. कशाला?"

सोनबानं मालकाकडं बघितलं, मग पायांकडं. "मामाच्या गावची जत्रा हुती चैतात. मालकानं सुट्टी नाकारली. कपाट रिकामं हुतं, नवी अंडी यायची हुती, आन् मालक-मालकीण शहरात गेलेली. दत्तोबा आलं हुतं वीज बघाया. म्हनलं, जा तू जत्रंला, चावी दे, मोटरला ग्रीस भरून ठिवतो. मी कुनाला सांगायचा न्हाई, तूबी सांगू नगंस."

"आणि तू गेलास."

"गेलो. माघारी आलो तर मोटर जागच्या जागी. मला काय ठावं? सांगितलं तर जत्रा उघडी पडती, न्हाई सांगितलं तर…"

"न्हाई सांगितलं तर अंडी उकडतात," दामले म्हणाले. मग हळूच दत्तोबाकडं वळले. "तुम्ही मला सांगितलंत, ही मोटर तुम्ही आयुष्यात प्रथमच बघताय."

"मलाही सांगितलं," हुस्नबानू म्हणाली. "म्हणाला, जिती असताना तोंड पाहिलं नाही. खरंच आहे. जितीचं तोंड त्यानं झाकून ठेवलंय."

"कुठं?"

"त्याच्या भट्टीला. जुना पंखा खडखडायचा, आता सुतासारखा चालतो. कंपनीचा हिरवा रंग, आणि जिथं नंबराची पाटी असते बरोब्बर तिथं देवाचं चित्र. मी म्हटलं, भला भाविक माणूस! सिराज, टेंपो काढ. सगळे मिळून जाऊ. ते चित्र उचलू. खाली पाटीची रिकामी भोकं निघाली, आणि ह्या मेलेल्या मोटरीची पाटी तिथं चपखल बसली, तर देवाचीच साक्ष."

दत्तोबाचा चेहरा भंडाऱ्यासारखा झाला होता. त्यानं हात जोडले. "आपा. भट्टीची मोटर तापानं रोज अडत होती. वाटलं, कपाटाच्या उबेत ही जुनी दोन-चार वर्षं काढील. अंडी मरतील असं मनातही नव्हतं."

"अंडी मेल्यावर तरी मनात काय होतं? माझा पोरगा. तो पुरला नाही तेव्हा हा सोनबा. दुसऱ्याच्या घरावर पाय देऊन किती वेळ उभा राहणार होतास?"

"गल्लीतली गोष्ट गल्लीत मिटवू, आपा. मी मोटर परत देतो. कुणाला कळायला नको."

"सकाळी तू कळवत होतास तेव्हा गल्ली मोठी होती. आता लहान झाली?" हुस्नबानू उठली. "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, दत्तोबा. आणि इथं तर सगळी कोंबड्यांचीच वस्ती आहे."

६

भट्टीवरचं चित्र मैनेनं भिजवून सोडवलं, फाटू न देता. देवाचा काय दोष! खाली भोकं होती. पाटी बसली. दामल्यांनी स्वतः बसवून बघितली, एकदा नव्हे, चारदा. बँकेतली सवय. दत्तोबाला घेऊन ते चौकीत गेले, ठरल्याप्रमाणे संध्याकाळीच. नाव फक्त बदललं.

दुसऱ्या दिवशी भर बाजाराच्या वेळी ते दुकानासमोर येऊन उभे राहिले. काउंटरजवळ फुटकी बशी होती तशीच पडली होती.

"बाई, माझी चूक झाली," ते पुटपुटले.

हुस्नबानू थर्मोस्टॅट पुसत होती. "काल तुमचा आवाज सायकलवाल्यापर्यंत गेला होता."

दामल्यांनी सायकलवाल्याकडं बघितलं. तोही दारात येऊन उभाच होता. बाकीची गल्लीही होती. दामल्यांनी घसा साफ केला आणि ओरडले, "सिराजनं दिलेली मोटर नवीन होती! चूक माझी! ऐकू आलं का सगळ्यांना?"

"आलं!" सायकलवाला म्हणाला. "परत एकदा म्हणा, मागच्यांना नाही आलं."

दामले खाली वाकले आणि बशीचे तुकडे गोळा करू लागले. सिराज धावला, तशी हुस्नबानूनं त्याला डोळ्यानं थांबवलं.

"आता दुसरी गोष्ट," ती म्हणाली. "सोनबाला काढलंत काय?"

"विचार चाललाय. माझ्याशी खोटं वागला तो."

"त्याला कामावरून काढलंत तर तुमच्या कपाटाला लागणारा साधा फ्यूजसुद्धा ह्या दुकानातून मिळणार नाही. आणि पुढच्या चैत्रात त्याला सुट्टी द्या. सुट्टी दिली असतीत तर चावी गेली नसती. तुमच्या फाटकावरच्या पाटीत तेवढंही लिहा."

दामल्यांनी तुकडे रुमालात बांधले. काहीतरी तिखट त्यांच्या जिभेवर आलं होतं, ते दिसलं. त्यांनी ते गिळलं आणि म्हणाले, "पाटीवर जागा नाही. पण देईन."

ते गेल्यावर गल्ली हळूहळू पांगली. कूलरचा पंप ठेवून गेलेलं गिऱ्हाईक परत आलं आणि खाली मान घालून म्हणालं, "खाला, तो पंप…"

"आता महाग झाला," हुस्नबानू म्हणाली.

मागच्या दारानं मैना आली. हातात ओढणी, उन्हानं कडक झालेली. पांढरीशुभ्र. डाग कुठं होता ते शोधूनही सापडेना.

हुस्नबानूनं ओढणी डोक्यावरून घेतली, काउंटरवर पुढं येऊन बसली, रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला नीट दिसेल अशी.